परत येण्याचा पुरावा

"द्राक्षं बघायला एवढ्या लांब?" एवढं म्हणून मायनं कानातलं यंत्र काढून उशाशी ठेवलं. यंत्र काढलं की तिच्या बाजूनं विषय संपलेला असतो; मग समोरच्यानं काय बोलायचं ते भिंतीशी बोलावं. मी भिंतीशी थोडं बोललो. तिकडची द्राक्षं वेगळी असतात, तिकडं मळ्याच्या खालीच समुद्र असतो, असं काहीबाही. भिंतीलाही ते पटलं नसावं.

मायचं चुकत नव्हतं. कडवंचीच्या शिवेला लागून आमचा अडीच एकर द्राक्षमळा आहे. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. ती नोकरी होती, संपली. मळा हे दुखणं आहे, ते संपत नाही. ही कडवंची म्हणजे जालना जिल्ह्यातलं पाण्याचं गाव. १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं आणि विजयअण्णा बोराडे यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून इथं पाणलोटाचं काम उभं केलं. माथ्यावर चर, खाली बांधबंदिस्ती, मग शेततळी आणि त्या शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षं. २०१२ च्या दुष्काळात जालना शहर टँकरमागं धावत होतं, तेव्हा कडवंचीच्या मांडवावर घड लटकत होते. तेव्हापासून लांबलांबून माणसं गाड्या भरून आमच्याकडचे मळे बघायला येतात, बांधावर उभं राहून फोटो काढतात, शेततळ्याच्या कागदाची जाडी विचारतात. द्राक्षं बघायला लांबून येणारी माणसं मायनं पुष्कळ पाहिलीत. आपलाच मुलगा त्यांच्यातला निघेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

आणि समुद्र हवा होता तो मला नव्हे, हिला, माझ्या बायकोला. मंठ्याचं माहेर, जालन्याचं सासर. समुद्र तिनं उभ्या आयुष्यात दोनदा पाहिला. एकदा शाळेच्या सहलीबरोबर गणपतीपुळ्याला, तेव्हा सगळा वेळ पोरींची डोकी मोजण्यात गेला. एकदा मुंबईत, दिराच्या ऑपरेशनच्या वेळी, चौपाटीवर पंधरा मिनिटं. त्यामुळं पोरानं पुण्याहून फोन करून सांगितलं, की बाबा, तुम्ही दोघं एकदा परदेशी जाऊन या, तिकिटाचं मी बघतो, तेव्हा आमच्या घरात दोन मागण्या झाल्या. मला मळा. तिला समुद्र. आठ दिवसांत दोन्ही बसणारा देश म्हणून पुतण्यानं मोबाइलवर बोट फिरवत इटलीचं नाव काढलं. एका सहल कंपनीचं रंगीत पत्रकही आलं होतं, त्यात पंधरा दिवसांत नऊ देश होते. हिनं ते वाचून खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे तर पोलिओचे डोस पाजत फिरल्यासारखं झालं." पत्रकाचा विषय तिथंच मिटला.

कुठं जायचं याच्या आधी कधी जायचं हे ठरवावं लागतं, आणि द्राक्षवाल्याला त्याच्याइतकं अवघड काही नाही. एप्रिलात खरड छाटणी. मग फुटवे, काड्यांची विरळणी, सबकेन. याच दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या घडाची घडण होते. तेव्हा पाण्याची किंवा अन्नाची चूक झाली तर ऑक्टोबरात वेल नुसती पानं दाखवते आणि माणूस हात चोळत बसतो. पावसाळ्यात केवडा, भुरी, करपा. दिवसाला आभाळाकडं चार वेळा बघायचं आणि फवाऱ्याचा पंप रिकामा होऊ द्यायचा नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी, डोळ्यांना पेस्ट, पोंगा, फुलोरा, जीएच्या, म्हणजे जिबरेलिक आम्लाच्या, पाण्यात घड बुडवणं, मण्यांची विरळणी. जानेवारीत मण्यात पाणी उतरतं आणि माणसाच्या जिवात पाणी राहत नाही. फेब्रुवारी-मार्चात व्यापारी बांधावर येतो, एक मणी तोंडात टाकतो, तोंड वाकडं करतो आणि भाव सांगतो. त्यातून फेब्रुवारी २०१८ मधल्यासारखी गारपीट झाली तर व्यापारीही येत नाही. त्या दिवशी मळ्यात चाललो तेव्हा पायाखाली मणी आणि गारा एकमेकांत मिसळलेले होते. कोणतं काय, ते चपलेखाली फुटल्यावर कळायचं.

इटलीची वेल बिचारी सोपी. थंडी पडली की पानं गाळून झोपते. झोपेतच तिची एकदा छाटणी होते, वसंतात ती आपण होऊन जागी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिचा माल निघतो. आमच्या वेलीला झोप माहीत नाही. तिला झोपवण्याइतकी थंडी इथं पडत नाही, म्हणून आपणच वर्षातून दोनदा कात्री लावून तिला हलवतो आणि माल मात्र एकदाच घेतो. मी हे हिला समजावून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आपल्या घरातल्या बाईसारखंच." मी पुढं बोललो नाही.

तर गणित असं मांडलं. त्यांचा खुडा आणि आमची छाटणी एकाच सुमाराला. खुडा बघायचा तर सप्टेंबर संपता संपता निघायचं आणि छाटणीच्या आत परतायचं. पण सप्टेंबर म्हणजे सण. यंदा ज्येष्ठ अधिक आला आणि सगळं महिनाभर पुढं सरकलं. पोळा सप्टेंबरात, मग गणपती, मग महालक्ष्म्या. मराठवाड्यात महालक्ष्म्या सोडून कोणी इटलीला गेलं असं ऐकिवात नाही, निदान आमच्या भावकीत तरी. तीन दिवसांच्या माहेरवाशिणी त्या; त्यांना घालवून दिल्याशिवाय घरची बाई उंबरा ओलांडत नाही. अनंत चतुर्दशी झाली की राहतो पितृपंधरवडा. तेवढा एकच पंधरवडा मोकळा. आता हिच्यापुढं पंधरवड्याचं नाव कसं काढावं, या विचारात मी दोन दिवस घालवले. तिनंच सोडवलं. म्हणाली, "पितरांच्या दिवसांत शुभकार्य करू नये म्हणतात. फिरायला जाणं कुठं शुभकार्य आहे? खर्चच आहे." वडिलांचं श्राद्ध सर्वपित्रीला घालायचं ठरलं. तोवर आम्ही परत आलेलो असू.

पुतण्यानं पहिला बेत आखला तो सगळे आखतात तसा. फ्लॉरेन्सला उतरायचं, किआन्तीच्या टेकड्यांत दोन दिवस, मग चिंक्वे तेर्रेच्या किनाऱ्यावर तीन. मला तो वाईट वाटला नाही. किआन्तीची गोष्ट तर थेट आमच्या शिवारातली निघाली. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन राज्यांत शिवेचा वाद होता. ठरलं असं, की दोन्हीकडून एकेका घोडेस्वारानं कोंबडा आरवल्यावर निघायचं आणि दोघं जिथं भेटतील तिथं शीव. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून ठेवला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी डांबला. तो भुकेनं पहाटेच्या कितीतरी आधी ओरडला आणि त्यांच्या स्वाराला जास्तीची जमीन मिळाली. दंतकथाच आहे, पण किआन्ती क्लासिकोच्या बाटलीवर अजून तो काळा कोंबडा असतो. आमच्याकडं दरवर्षी नांगराच्या एका तासानं बांध कोरणारे आहेत. त्यांना कोंबड्याची युक्ती सुचली नाही एवढंच. पुढं १७१६ मध्ये तिथल्या राजानं, तिसऱ्या कोसिमो मेदिचीनं, हुकूम काढून किआन्तीच्या वाईनची शीव कागदावर आखली, म्हणजे कोणत्या गावची द्राक्षं त्या नावानं विकायची ते ठरलं. तीनशे वर्षांनी आमच्या जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच जातीचं काम.

चिंक्वे तेर्रे म्हणजे समुद्राच्या अंगावर कलंडलेली पाच गावं. डोंगर इतका उभा, की शेकडो वर्षं माणसांनी बिनचुन्याच्या दगडी ताली रचत रचत पायऱ्या केल्या आणि पायरीपायरीवर वेली लावल्या. माल खाली आणायला काही ठिकाणी डोंगरावरून एकाच रुळावर चालणारी चिमुकली गाडी आहे. युनेस्कोनं १९९७ मध्ये त्या तालींना जागतिक वारसा म्हटलं. पण तरुण पोरं शहरात गेली, ताली ढासळायला लागल्या, आणि २५ ऑक्टोबर २०११ ला अतिवृष्टी झाली तेव्हा मोन्तेरोस्सो आणि वेर्नाझ्झा ही दोन गावं चिखलाखाली गेली. माथ्यावरची माती धरून ठेवणारा हात सुटला की पायथ्याचं गाव जातं, हे कडवंचीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. मी एका फोटोत ढासळलेली ताल बघत बसलो होतो. ही म्हणाली, "तुम्ही समुद्राकडं पाठ करून बांधच बघत बसणार, मला आत्ताच दिसायलंय."

बेत पक्का होण्याच्या बेतात होता, तेवढ्यात शाळेतले जुने सहकारी, इतिहासाचे सर, चहाला आले. इटलीचं नाव ऐकून म्हणाले, "जाताय तर आपल्या माहेरवाशिणीला भेटून या."

कोण माहेरवाशीण?

"भोकरदनची. नेपल्सला असते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाच्या खोदकामात पॉम्पेईच्या एका घरात हस्तिदंताची एक मूर्ती सापडली. बाईची, सुमारे पंचवीस सेंटीमीटर उंच, म्हणजे वितीपेक्षा थोडी जास्त. अंगावर वस्त्र जवळपास नाही, दागिने मात्र भरपूर. दोन्ही हातांत चुडे, पायांत वाळ्यांची चवड, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधीच इथून तिथं पोचली होती. तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणायचा प्रघात पडला, जरी ती लक्ष्मी असण्यापेक्षा यक्षी असण्याचा संभव जास्त. डोक्यापासून आत आरपार भोक आहे, त्यामुळं ती आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या नाजूक मेजाचा पाय. आणि १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून भोकरदनला उत्खनन केलं, डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांच्या देखरेखीखाली, तेव्हा तिच्याच घडणीची एक हस्तिदंती बाई इथं मातीतून वर आली. तेव्हापासून अनेक अभ्यासक म्हणतात, की पॉम्पेईची बाई भोकरदनकडच्याच कारागिरांच्या हातची असावी.

मी जन्मभर या जिल्ह्यात राहिलो. भोकरदनला कितीदा गेलो त्याचा हिशोब नाही: सोयरिकी, परीक्षेची ड्युटी, निवडणुकीची ड्युटी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फोटो शोधून हिला दाखवला. तिनं चष्मा वर सरकवून पाहिला. म्हणाली, "ही तर तांड्यावरची वाटते." खरंच, मंठा-परतूरकडच्या तांड्यांवर जुन्या बंजारा बाया अशाच कोपरापर्यंत चुडे भरून बसलेल्या तिनं लहानपणी पाहिलेल्या. पुढं म्हणाली, "पण एवढी नटलेली आणि अंगावर धड लुगडं नाही, पोरीला पाठवलं कसं म्हणावं?" आणि ती नेपल्सच्या संग्रहालयात नेमकी कुठं ठेवलीय ते वाचल्यावर तर तिनं कपाळावर हात मारला. पॉम्पेईत सापडलेल्या शृंगारिक मूर्ती आणि चित्रं एके काळी कुलूपबंद दालनात ठेवत, त्याच दालनात आमची भोकरदनची बाई उभी आहे.

सरांनी निघताना एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलंय, ते खरोष्ठी लिपीतलं. खरोष्ठी वायव्य भारतातली, भोकरदनची नव्हे. म्हणजे ती उत्तरेकडं घडली असेल, किंवा इथं घडून त्या वाटेनं गेली असेल आणि वाटेतल्या कोणी खूण कोरली असेल. "लगेच छाती फुगवू नका," ते म्हणाले. मला उलट बरं वाटलं. माहेर कोणतं यावर दोन गावांत वाद नसेल तर ती कसली मानाची बाई!

दुसऱ्याच रविवारी आम्ही भोकरदनला गेलो. वाटेत राजूरला गणपतीचं दर्शन घेतलं, ते घ्यावंच लागतं. भोकरदनचं जुनं नाव भोगवर्धन. पैठणहून उत्तरेला उज्जैनकडं जाणारी वाट इथून जायची. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या नावांत भोगवर्धनच्या माणसांची नावं आहेत. म्हणजे आपल्या तालुक्याची माणसं दोन हजार वर्षांपूर्वी सांचीच्या दगडावर गावाचं नाव लिहून आली, आणि आपण आजही दुसऱ्या गावच्या देवळात फरशी दिली की पायरीवर नाव घालतो. केळणा नदीच्या काठी कोरलेली लेणी आहेत, ती बऱ्याच नंतरची. केळणेत पाणी नव्हतं. जुन्या पांढरीवर घरं आहेत, घरांच्या मागं उकिरडे आहेत. मी जमिनीवरचं एक खापर उचलून बघत होतो, तर चहाच्या टपरीवाल्यानं विचारलं, "प्लॉट बघायलात का, गुरुजी?"

परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्स गळालं. ही मोटारसायकलवर मागं बसलेली, वाऱ्यात ओरडून म्हणाली, "तिकडं समुद्र आहे ना? मग तिकडंच चला."

तिकडं म्हणजे नेपल्स. समुद्र आहे, आणि त्याच्या काठावर पॉम्पेईला पुरणारा वेसुव्हियस आहे, आणि त्याच्या उतारावर वेली आहेत. नकाशा पसरून बघितला तेव्हा मला वाटलं, मी आधीच इथं यायला हवं होतं. त्यांची जमीन राखेची आणि लाव्ह्याची. आमची काळी मातीही लाव्ह्याच्याच दगडाची झीज. फक्त आमचा ज्वालामुखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गप्प झाला आणि त्यांचा १९४४ पर्यंत जागा होता. ज्या आगीनं गाव पुरलं तिनंच वेल पोसली, आणि माणसं परत जाऊन त्याच उतारावर राहिली. शेतकरी असाच असतो. गारपिटीनंतर आम्हीही एप्रिलात छाटणी केलीच.

त्या उतारावर आणखी एक गोष्ट आहे, ती द्राक्षवाल्यालाच गंमत वाटावी अशी. १८६० च्या दशकात अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची एक बारीक माव्यासारखी कीड युरोपात आली आणि मुळं खात खात तिनं बहुतेक मळे बसवले. उपाय अमेरिकेतूनच आला: अमेरिकी रानवेलीची मुळं त्या किडीला पुरून उरतात, म्हणून खाली अमेरिकी खुंट आणि वर युरोपी कलम. आमच्याकडं अडचण किडीची नव्हती, पाण्याची होती. क्षारट, तेही पुरेसं नाही. म्हणून वडिलांनी लावलेली स्वमुळावरची थॉमसन पुढं मला काढावी लागली आणि डॉगरिजच्या खुंटावर कलम बांधावं लागलं. डॉगरिज टेक्सासची. म्हणजे किआन्तीची वेल आणि कडवंचीची वेल, दोघींचे पाय अमेरिकेत. पण वेसुव्हियसच्या वाळूसारख्या राखेत ती कीड जगत नाही, त्यामुळं तिथं अजून पुष्कळ वेली स्वतःच्या मुळावर उभ्या आहेत. वडिलांची वेल मला तशी पुन्हा बघायला मिळेल, असं मनात आलं. पुतण्याला हे सांगितलं नाही. तो म्हणाला असता, काका, वेल ती वेल.

पॉम्पेईच्या भिंतींच्या आतही मळे होते. विल्हेल्मिना याशेम्स्की या बाईंनी अ‍ॅम्फीथिएटरजवळ जिथं गुरांचा बाजार असावा असं लोक धरून चालले होते तिथं माती बाजूला करून पाहिली, तर खाली भोकंच भोकं. राखेत गाडली गेलेली मुळं कुजून गेली होती आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. त्यांत सिमेंट ओतून, मग माती काढून त्यांनी मुळांचे साचे मिळवले. दोन हजारांहून जास्त वेली, ओळीत, चार रोमन फुटांवर. चार फूट! आमच्याकडं दोन वेलींत पाच फूट सोडायचे की सहा, यावर बांधाबांधावर वाद होतात. नंतर १९९० च्या दशकात मास्त्रोबेरार्दिनो या वाईन घराण्यानं त्याच भोकांच्या जागी पुन्हा वेली लावल्या आणि २००१ च्या हंगामापासून तिथली वाईन काढली. मेलेल्या मळ्याची ओळ धरून नवा मळा लावणं हे मला फार शहाणपणाचं वाटलं.

आणि उद्रेक कधी झाला, ऑगस्टात की ऑक्टोबरात, हा वाद विद्वानांत बरीच वर्षं चाललाय, त्याचा एक पुरावा द्राक्षांचाच आहे. जमिनीत पुरलेल्या रांजणांत रस भरून तोंडं लिंपलेली होती, म्हणजे खुडा उरकला होता. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशानं लिहिलेली तारीख सापडली, १७ ऑक्टोबरची, तेव्हा ऑक्टोबरवाल्यांचं पारडं जड झालं. इतिहासाच्या सरांना भिंतीवरचा लेख मोठा वाटला. मला रांजण. माल घरात आला होता की नाही, हे शेतकऱ्याला आधी विचारायचं असतं.

हिचा समुद्र अमाल्फीचा. सोरेन्तोपासून पुढं कड्याच्या अंगानं जाणारा रस्ता, खाली निळं पाणी, वर डोंगरात तालींवर लिंबाच्या बागा. चेस्टनटच्या काठ्यांचे मांडव, त्यांच्याखाली लांबोडकी मोठी लिंबं. ती पाठीवर वाहून पायऱ्या उतरणारे कामकरी इतक्या सराईतपणे फिरतात, की त्यांना 'उडते शेतकरी' म्हणतात. आमच्याकडची मोसंबी ट्रॅक्टरात बसून मोंढ्यात येते, तिचे लाड जास्त. स्वतः गाडी चालवायचा विचार मी केला होता, पण पुतण्यानं तो रस्ता मोबाइलवर दाखवला. बसनं जायचं, परतताना बोटीनं. बोटी एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. "बोटीनंच दोन्हीकडून," ही म्हणाली. मुक्काम तीन रात्री समुद्रकाठी, तीन नेपल्सला. मळे मला त्यातूनच काढायचे.

आता वाईन. इथं थोडी अडचण आहे. वडील माळकरी होते. पंढरीची वारी कधी चुकवली नाही, आणि द्राक्षं लावली तीही बेदाण्याची आणि टेबलावरची, वाईनची नव्हेत. वाईनचं द्राक्ष बारीक असतं, बियांचं, आणि चांगल्या वाईनसाठी वेलीला जरा उपाशीच ठेवतात. आम्ही उलट, मणी टपोरा व्हावा म्हणून जिवाचं रान करतो. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा पारावर महिनाभर वादावादी झाली. वाईन म्हणजे दारू की नाही? नाशिकचा शेतकरी जगला पाहिजे की नाही? मी दोन्ही बाजूंनी बोललो. तो निर्णय अमलात आला नाही आणि माझं मतही.

पण सरांनी दिलेल्या पुस्तकात वाचलं, की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, 'पेरिप्लस' म्हणतात ते. त्यात भरूचला उतरणाऱ्या मालात पहिलं नाव वाईनचं आहे, आणि त्यातही इटलीची पसंतीची. त्याच भरूचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असंही तो लिहितो. म्हणजे इकडून हस्तिदंत गेला आणि तिकडून रांजण आले. घेणं-देणं बरोबरीचं होतं. मी एक पेला घ्यायचा ठरवलाय. वेसुव्हियसच्या उतारावरची, स्वमुळाची. माळ वडिलांची होती, माझ्या गळ्यात नाही, असं मी स्वतःला समजावतो आणि मग हळूच खांद्यामागं बघतो.

कागदांचं काम सध्या चाललंय. शेंगेन व्हिसासाठी माणशी नव्वद युरो, किमान तीस हजार युरोंचा विमा, बँकेचा उतारा, पेन्शनचे कागद, राहण्याच्या जागांची नोंद. वंदे भारतनं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. जालन्याहून सुटायची ती गाडी आता नांदेडहून येते, पण जागा मिळते. ठशांची हिला काळजी आहे, कारण रेशनच्या मशिनवर तिचा अंगठा तीनदा पुसल्याशिवाय उमटत नाही. या सगळ्यापेक्षा अवघड निघालं ते एक पत्र. जाण्याचा हेतू लिहायचा, आणि मुदत संपायच्या आत तुम्ही मायदेशी नक्की परत याल याचा पुरावा जोडायचा.

एजंटानं सांगितलं, सातबारा जोडा, इंग्रजी भाषांतर करून. जोडला. सातबाऱ्यावर पीक म्हणून द्राक्ष, क्षेत्र एक हेक्टर, सामाईक खातेदार म्हणून भावाचं नाव आणि वरती मायचं. भाषांतर करणाऱ्यानं जिरायत-बागायतचं काय केलं ते मी वाचलं नाही. पत्र मात्र मीच लिहायला बसलो. मराठीचा मास्तर, इंग्रजी जेमतेम. चार कागद खराब केले. भोकरदनच्या बाईचं लिहावं की नाही यावर थांबलो. ती गेली तेव्हा तिला कोणी पुरावा मागितला नाही, आणि ती परत आली नाही. वकिलातीत हे उदाहरण उलटंच पडायचं. खोडलं.

हिनं विचारलं, "मायला काय सांगितलंत?" मी म्हणालो, यंत्र कानात नव्हतं. मग ती आत गेली, मायच्या कानात यंत्र बसवून दिलं, मोबाइलवरचा फोटो डोळ्यांपुढं धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, ही आपली बाई आहे, तिकडं अडकून पडलीय. तिला बघायला चाललोत." मायनं फोटो बराच वेळ पाहिला. चुडे मोजल्यासारखं बोट फिरवलं. मग म्हणाली, "सोबत काही तरी न्या मग. रिकाम्या हातानं जाऊ नका." आता बेदाण्याची अर्धा किलोची पुडी, मागच्या हंगामातली, सुटकेसच्या तळाशी ठेवायचं ठरलंय. संग्रहालयात त्याचं काय करायचं ते तिथं गेल्यावर बघू.

पत्र पुरं करत होतो तेवढ्यात छाटणीच्या टोळीच्या मुकादमाचा फोन आला. इसार त्याला पोळ्याच्या आधी द्यायचा आहे, त्याची आठवण करून द्यायला. दोन वाड्यांच्या छाटण्या उरकून आमच्याकडं सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी येतो म्हणाला. बारा माणसं, बारा कात्र्या.

"तुम्ही असाल ना, गुरुजी? ऐकलं, लांब चाललात."

"असेन," मी म्हणालो, आणि फोन ठेवून पत्रात ती तारीख घातली.